बातमीतला ‘अभ्यास’ आणि त्यामागचे पैसे : वाचकांचे प्रश्न

आहाराविषयीच्या बातम्यांवर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे आहेत, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. ‘चॉकलेटमुळे साठीतली स्मरणशक्ती तिशीसारखी होते’ ही बातमी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली आणि तेव्हापासून ते रोज रात्री डार्क चॉकलेटचे चार तुकडे खातात. बातमीत अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचं नाव आहे. भाऊजी म्हणतात, हे सगळं चॉकलेट कंपनीनेच करवून घेतलंय. खरं काय? (एक वाचक, सातारा)

अभ्यास झाला होता, पण त्यात कुणीही चॉकलेट खाल्लं नव्हतं. तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला, ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात आलेला. माणसं ३७, वयं ५० ते ६९. तीन महिने एका गटाला रोज ९०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेलं कोकोचं पेय दिलं, दुसऱ्याला जेमतेम १० मिलिग्रॅमचं. फ्लॅव्हनॉल म्हणजे कोकोच्या बीमधली तुरट-कडवट द्रव्यं. चाचणी होती आकृत्या ओळखण्याची. मार्स या चॉकलेट कंपनीने काही खर्च उचलला होता आणि लेखकांच्या यादीत कंपनीचा एक शास्त्रज्ञही होता. एवढं भाऊजींचं बरोबर आहे.

साठीचा माणूस तिशी-चाळिशीसारखा, हे वाक्य मुख्य संशोधकाच्याच तोंडचं. बोलणं त्या एका चाचणीतल्या कामगिरीबद्दल होतं, मथळ्यात ती अख्खी स्मरणशक्ती झाली. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात मात्र हे पेय म्हणजे चॉकलेट नव्हे आणि यासाठी चॉकलेट वाढवू नका, असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य वाटेत गळालं.

आता प्रमाण बघा. त्या पेयातल्या मुख्य फ्लॅव्हनॉलची, एपिकॅटेचिनची, रोजची मात्रा १३८ मिलिग्रॅम होती. तेवढी डार्क चॉकलेटमधून घ्यायची तर रोज किमान ३०० ग्रॅम, म्हणजे सात-एक वड्या, खाव्या लागतील असा हिशोब तेव्हाच मांडला गेला होता. त्यातून दीड हजाराच्या वर कॅलरी जातात. चार तुकड्यांत, समजा २५ ग्रॅममध्ये, त्या मात्रेचा बारावा हिस्सा येतो. तोही खात्रीचा नाही. वेष्टनावरचे ‘७० टक्के’ म्हणजे कोकोचा एकूण भाग. फ्लॅव्हनॉल किती टिकलं ते त्यावरून कळत नाही, कारण बी आंबवताना, भाजताना ते कमी होतं आणि कडूपणा मारण्यासाठी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की बरंचसं जातं. वेष्टन उलटं करून घटकांची यादी वाचा. कोकोच्या जोडीला ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर’ म्हणून ५०० किंवा ५०१ हे आकडे दिसले तर अशी प्रक्रिया झाली असण्याची शक्यता मोठी.

नंतरचा, कितीतरी मोठा अभ्यास म्हणजे ‘कॉसमॉस’. २१,४४२ वयस्क माणसं, रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल, सुमारे साडेतीन वर्षं. यालाही मार्सचा पैसा होता. २०२२ मध्ये निकाल आला. आधी ठरवलेलं मुख्य मोजमाप होतं हृदयविकार, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून. त्यांत १० टक्के घट दिसली, पण कॅप्सूल गटाचा धोका रिकाम्या गटाच्या किती पट, या अंदाजाची मर्यादा ०.७८ ते १.०२. एकच्या खाली फायदा, एकच्या वर तोटा. मर्यादा दोन्हीकडे जाते म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण ते दुय्यम मोजमाप. बातम्यांनी कोणता आकडा उचलला असेल, हे सांगायला नकोच.

स्मरणशक्तीचा प्रश्न याच अभ्यासाच्या एका शाखेने थेट तपासला. २,२६२ ज्येष्ठ, तीन वर्षं. कोकोच्या कॅप्सूलने बौद्धिक क्षमतेत काही फरक पडला नाही. दुसऱ्या शाखेत, ३,५६२ जणांत, एकूण फरक नव्हता; ज्यांच्या आहारात फळं-भाज्या-चहा यांतून येणारं फ्लॅव्हनॉल मुळातच कमी होतं, त्यांनाच थोडा फायदा दिसला. ही बातमी ग्रुपवर आली का?

सासऱ्यांना चॉकलेट आवडत असेल तर भांडण्याचं कारण नाही. मात्र ते औषध म्हणून नको, गोड म्हणून मोजा. ७० टक्केवाल्या २५ ग्रॅममध्ये साधारण सात-आठ ग्रॅम साखर जाते. ‘डार्क’ लिहिलेल्या पण ५० टक्के कोकोच्या वडीत जवळपास निम्मी साखरच असते. वेष्टनावर १०० ग्रॅममागे एकूण साखर छापलेली असते, तिला चारने भागलं की झालं. रात्रीच्या जेवणातला भात किंवा पोळी तेवढी कमी करायची का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, गोळ्यांच्या वेळेशी त्याचा संबंध आहे.

प्रश्न : कंपनीचा पैसा असलेलं प्रत्येक संशोधन खोटं समजायचं का? मग विश्वास ठेवायचा कुणावर? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

खोटं समजू नका. कॉसमॉसच्या संशोधकांनी मुख्य मोजमापात फरक सिद्ध झाला नाही हे सरळ छापलंच ना. पण कल कुणीकडे असतो ते ठाऊक असावं. २००७ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये शीतपेयं, फळांचे रस आणि दूध यांवरच्या २०६ लेखांची छाननी आली. पूर्णपणे उद्योगाच्या पैशावर झालेल्या प्रत्यक्ष प्रयोगांत प्रतिकूल निष्कर्ष एकाचाही नव्हता. उद्योगाचा पैसा नसलेल्यांत तो ३७ टक्क्यांचा होता. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पोषणतज्ज्ञ मॅरियन नेसल यांनी (आडनावाचं स्पेलिंग ‘नेस्ले’सारखंच असलं तरी त्या कंपनीशी त्यांचं नातं नाही) मार्च २०१५ पासून वर्षभर असे अभ्यास नजरेस येतील तसे जमवले. १६८ पैकी १५६ पैसे देणाऱ्याच्या सोयीचे निघाले.

यासाठी आकडे बनवावे लागत नाहीत. खरी मेख प्रश्न निवडण्यात आणि तुलना ठरवण्यात असते.

बदामाचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा एक अभ्यास आला, पैसा कॅलिफोर्नियाच्या बदाम उत्पादकांच्या मंडळाचा. ४८ माणसांनी सहा आठवडे रोज ४२.५ ग्रॅम बदाम खाल्ले आणि दुसरे सहा आठवडे तेवढ्याच कॅलरींचा केळ्याचा मफिन. बदामाच्या काळात वाईट कोलेस्टेरॉल सरासरी पाचेक अंकांनी कमी राहिलं. प्रयोग नीटनेटका आहे, आक्षेप घ्यावा असं त्यात फारसं नाही. पण त्यातून कळलं काय? मफिनपेक्षा बदाम बरे. आपल्याकडे चहाबरोबर मफिन कोण खातं? मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे खाणाऱ्याने त्याऐवजी महागडे बदाम घ्यावेत का, हा आपला प्रश्न; तो विचारलाच गेला नाही, कारण त्याचं उत्तर मिळवण्यात पैसे देणाऱ्याचा काही लाभ नाही. ‘बदामाने कोलेस्टेरॉल घटतं’ या मथळ्यातून ‘मफिनऐवजी’ हा शब्द गेला की बातमी दिशाभूल करते, प्रयोग कितीही प्रामाणिक असो.

प्रश्नच दुसरीकडे वळवायचा, ही आणखी मोठी युक्ती. ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटाला कोका-कोलाने उभारणीसाठी १५ लाख डॉलर दिले होते. लठ्ठपणात खाण्यापिण्याकडे फार लक्ष दिलं जातं, व्यायामाकडे कमी, असा त्या गटाचा सूर. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे उघड केलं, कोलोराडो विद्यापीठाने १० लाख डॉलर परत केले आणि वर्ष संपता संपता गट बंद झाला. व्यायाम चांगलाच आहे, त्यात खोटं काही नाही. पण वीस अभ्यास व्यायामावर आणि एक साखरेवर झाला, तर वाचणाऱ्याला साखर किरकोळ वाटणारच.

तिसरा मार्ग निवडक आढाव्याचा. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकांचा आढावा आला: हृदयविकारात दोष चरबीचा, साखरेचा फारसा नाही. साखर उद्योगाच्या संस्थेने त्यासाठी ६,५०० डॉलर दिले होते, विषय सुचवला होता आणि मसुदा आधी पाहिला होता, हे जुन्या पत्रव्यवहारातून २०१६ मध्ये बाहेर आलं. पैसा जाहीर करण्याची सक्ती त्या नियतकालिकात १९८४ पासून आहे, त्यामुळे त्या काळच्या लेखाखाली काही लिहिलेलं नाही म्हणजे काही नव्हतं, असं धरू नका. याच संस्थेने १९६८ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात उंदरांवर साखरेचा अभ्यास सुरू करवला आणि १९७० मध्ये पैसा थांबवला. निकाल कधी छापले गेले नाहीत. निकाल नकोसे दिसल्यामुळे, असं हे कागद शोधणाऱ्यांचं म्हणणं. काम लांबलं आणि खर्च वाढला होता, असं साखर उद्योगाचं. कारण कोणतंही असो, न छापलेल्या अभ्यासाची बातमी होत नाही, त्यामुळे वाचकाच्या हाती जे येतं ते आधीच चाळून आलेलं असतं.

विश्वास कुणावर, हा प्रश्न उरतो. कुठल्याही एकट्या अभ्यासावर ठेवू नका, सरकारी पैशाच्याही नको. वेगवेगळ्या पैशांवर, वेगवेगळ्या ठिकाणी झालेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत असतील तेव्हा ताट बदलायचा विचार करा.

प्रश्न : बातमी खरी की फुगवलेली, हे घरबसल्या तपासता येतं का? इंग्रजी बेताचं आहे. (वाचक, अकोला आणि डोंबिवली)

येतं. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, सरावाने दहा मिनिटं पुरतात.

बातमीत नियतकालिकाचं आणि एखाद्या संशोधकाचं नाव शोधा. दोन्ही नसतील तर पुढे जाऊच नका, ती बातमी तिथेच सोडा. नाव असेल तर ‘पबमेड’ या मोफत संकेतस्थळावर आडनाव, पदार्थाचं इंग्रजी नाव आणि साल टाका. सारांश उघडला की त्याच्या खाली ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ असा मजकूर असतो. तो २०१७ पासून दाखवला जातो, त्याआधीच्या लेखांसाठी मूळ लेखाचं शेवटचं पान बघावं लागतं. तिथे ‘फंडिंग’ आणि ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट्स’ हे दोन परिच्छेद वाचा. दुसऱ्यात बऱ्याचदा जास्त कळतं: रोख पैसा नाही, पण पेय, कॅप्सूल किंवा पावडर कंपनीने पुरवली, असं तिथे लिहिलेलं असतं. लेखकांच्या नावांखालचे पत्तेही चाळा, कंपनीची प्रयोगशाळा तिथे सापडते.

संस्थेच्या नावावर जाऊ नका. ‘इंटरनॅशनल लाइफ सायन्सेस इन्स्टिट्यूट’ हे नाव सरकारी संशोधन केंद्राचं वाटतं, पण ती संस्था १९७८ मध्ये कोका-कोलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने स्थापली आणि अन्न कंपन्यांच्या पैशावर चालली. बोर्ड, कौन्सिल, फाउंडेशन हे शब्द दिसले की त्या संस्थेचे सदस्य कोण, हे एकदा शोधून बघाच.

मग सारांशात तीन गोष्टी: कुणावर (उंदीर की माणसं, किती), किती दिवस आणि कशाच्या तुलनेत. ब्राउझरचं यांत्रिक भाषांतर एवढ्यासाठी पुरतं, आकडे तर तसेच राहतात. एका ठिकाणी मात्र भाषांतर घात करतं. ‘असोसिएटेड विथ’ म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळल्या. भाषांतरात कधी कधी ‘मुळे’ येतं. ‘मुळे’ दिसलं की मूळ इंग्रजी शब्द बघा.

शेवटी नोंदणी. प्रत्यक्ष प्रयोग असेल तर सारांशात नोंदणी क्रमांक असतो. भारतातल्या प्रयोगाचा सीटीआरआय (भारताची प्रयोगांची नोंदवही), पुढे साल, महिना आणि क्रमांक; अमेरिकेच्या नोंदवहीतला एनसीटी आणि आठ आकडे. सीटीआरआयच्या पानावर ‘प्रायमरी स्पॉन्सर’, ‘सोर्स ऑफ मॉनेटरी ऑर मटेरियल सपोर्ट’ आणि ‘प्रायमरी आउटकम’ हे रकाने शोधा. बातमीतला फायदा ‘प्रायमरी आउटकम’मध्ये नसेल तर तो दुय्यम आहे, किंवा नंतर सुचलेला. एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त प्रयोग सुरू होण्याआधीच नोंदणी घेते; जुन्या नोंदींवर ‘रेट्रोस्पेक्टिव्हली’ दिसलं तर निकाल हाताशी आल्यावर मोजमाप ठरवायला वाव होता, असं समजा.

प्रश्न : जिल्हा दैनिकाच्या आरोग्य पुरवणीचं काम बघतो. संध्याकाळी प्रसिद्धिपत्रक येतं, रात्री पान लावायचं असतं. एवढ्या वेळात काय तपासणार? (उपसंपादक, नांदेड)

आधी हे डोक्यात पक्कं करा की बिघाड बहुतेक वेळा पत्रकातच झालेला असतो. कार्डिफ विद्यापीठाच्या गटाने ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची २०११ ची ४६२ आरोग्यविषयक पत्रकं तपासली. ४० टक्क्यांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ लेखाच्या पुढे गेलेला होता, ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाचं ‘कारण’ झालं होतं. पत्रकात कारण फुगवलेलं असेल तर बातम्यांतही ते ८१ टक्के वेळा फुगलेलं होतं. पत्रक सरळ असेल तर १८ टक्के वेळा. पत्रक विद्यापीठाचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मेरीलँड विद्यापीठाने डिसेंबर २०१५ मध्ये एका विशिष्ट ब्रँडच्या चॉकलेट दुधाने शाळकरी फुटबॉलपटूंना, डोक्याला मार बसलेल्यांनाही, फायदा होतो असं पत्रक काढलं. त्या वेळी छापलेला लेखच नव्हता. पत्रकारांनी निबंध मागितला, तो मिळेना. विद्यापीठाच्या स्वतःच्या चौकशीत पुढे अभ्यासातल्या त्रुटी आणि दूध उद्योगाकडून आलेला, जाहीर न केलेला पैसा बाहेर आला. तो परत करण्यात आला. म्हणून पहिला नियम: छापलेला निबंध नाही, तर बातमी नाही. त्यासाठी एक ईमेल पुरतो.

दुसरं, माणसं किती आणि मोजमापं किती. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने जर्मनीत मुद्दाम एक निकृष्ट प्रयोग केला: १५ माणसं, तीन गट, तीन आठवडे, १८ मोजमापं. चॉकलेट खाणाऱ्या गटाचं वजन १० टक्के वेगाने उतरलं! पैसे भरून निबंध छापला आणि ‘बिल्ड’सारख्या मोठ्या दैनिकाने बातमी घेतली. प्रत्येक मोजमापात योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर १८ पैकी कुठेतरी एकदा तो दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास जाते. नाणेफेक त्यापेक्षा न्याय्य. गटात पाच माणसं आहेत हे कुणी विचारलं असतं तर बातमी तिथेच संपली असती.

तिसरं, शब्द. अमेरिकेतल्या मिठाई उत्पादकांच्या संघटनेच्या पैशावर झालेला, गोळ्या-चॉकलेटं खाणाऱ्या मुलांचं वजन कमी असतं असं सांगणारा २०११ चा निबंध घ्या. ‘काल काय खाल्लंस?’ एवढ्या एका दिवसाच्या आठवणीवर तो उभा होता. यावरून नेहमीचं खाणं कळत नाही आणि कार्यकारण ठरवता येत नाही, असं त्या निबंधातच लिहिलं होतं. वजनदार मुलं गोड कमी खाल्ल्याचं सांगतात, किंवा आईवडील त्यांचं गोड आधीच तोडतात, या दोन्ही कारणांनी आकडे असेच येतील. असं पत्रक टेबलावर आलं तर मथळा ‘गोळ्या खा, सडपातळ राहा’ होऊ शकत नाही. ‘एका दिवसाच्या पाहणीत गोळ्या खाल्ल्याचं सांगणाऱ्या मुलांचं वजन कमी, पाहणीला मिठाई उद्योगाचा पैसा’ असा होऊ शकतो. दोन ओळींत बसतो. पैशाचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात हवा, कारण शेवटचा परिच्छेद पान लावताना कापला जातो, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार.

वेळ उरलाच तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका जाणकाराला फोन करा. वैद्यकीय महाविद्यालयातल्या जनवैद्यक विभागात असं कुणीतरी भेटतं. प्रश्न एकच विचारा: तुलना कशाशी केली आहे, ती तुम्हाला पटते का?

प्रश्न : मुलाच्या दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यावर आणि वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानावर ‘अभ्यासातून सिद्ध’ असं होतं. ही बातमी की जाहिरात? (एक आई, पणजी)

पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘इम्पॅक्ट फीचर’ असं काही आहे का बघा. असेल तर जाहिरात. डब्यावरच्या आणि जाहिरातीतल्या दाव्यांना एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे नियम लागू होतात, कंपनीला पुरावा ठेवावा लागतो आणि ग्राहक तक्रार करू शकतो. बातमीला ते नियम लागत नाहीत. म्हणूनच कंपन्यांना बातमी जास्त प्रिय असते.

‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाची आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने आणि पाठोपाठ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितलं ते त्यामुळेच.

‘अभ्यासातून सिद्ध’ या दाव्याखालची तळटीप वाचताना एवढंच बघा: पावडर दुधातून दिली होती का, आणि दुसऱ्या गटाला काय दिलं? एका गटाला दूध-पावडर आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं असेल तर वाढलेल्या उंचीचं श्रेय दुधाचं की पावडरीचं, हे त्या प्रयोगातून कळू शकत नाही. डब्याच्या मागे १०० ग्रॅममागे साखर किती ते वाचा, त्यावरून मुलाच्या एका वेळच्या चमच्यांचा हिशोब काढा आणि तेवढी साखर पेल्यात स्वतःच्या हाताने घातली असती का, ते बघा.